रिअल इस्टेट रोख्यांतील गुंतवणूक आणि तिची मूल्यघट: कंपनीच्या हिशेबात नोंद कशी करावी

कंपनीकडील रिअल इस्टेट रोख्यांचे भाव उतरले की लेखा विभागात पहिला प्रश्न निघतो तो तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यापोटी नफ्यातून वजा करायची रक्कम, किती करायची, हा. या प्रश्नाचे उत्तर ३१ मार्चला शोधायचे नसते. ते रोखे विकत घेतले त्या दिवशीच बहुतांशी ठरलेले असते. ज्या रोख्यांचे मोजमाप नफा-तोटा पत्रकातून वाजवी मूल्याने (त्या दिवशी बाजारात मिळू शकेल अशा किमतीने) होते, त्यांच्या भावातील घट आपोआप नफ्यातून वजा झालेली असते आणि त्यावर पुन्हा तरतूद करणे म्हणजे एकच तोटा दोनदा मोजणे होय. उलट, ज्या कर्जरोख्यांचे मोजमाप अमॉर्टाइज्ड कॉस्टने (खरेदी किमतीत व्याज मिळवत आणि परतफेड वजा करत काढलेल्या मूल्याने) होते त्यांच्यावर पहिल्या दिवसापासूनच तरतूद करावी लागते, विकासकाने एकही हप्ता चुकवलेला नसला तरी. म्हणून या लेखात वर्गवारीला आधी आणि भरपूर जागा दिली आहे.

कोणते लेखामानक लागू होते ते प्रथम पाहावे. शेअर बाजाराच्या मुख्य मंचावर नोंदलेल्या कंपन्या, २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्या आणि त्यांच्या नियंत्रक, उपकंपन्या, सहयोगी व संयुक्त उपक्रमातील कंपन्या यांना इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली भारतीय लेखामानके, लागू होतात. त्यामुळे वर्गवारी व मूल्यघटीसाठी इंड एएस १०९, वाजवी मूल्य काढण्यासाठी इंड एएस ११३ आणि प्रकटीकरणासाठी इंड एएस १०७ ही तीन मानके हाताशी ठेवावी लागतात. बाकीच्या कंपन्यांना एएस १३ हे गुंतवणुकीच्या हिशेबाचे जुने लेखामानक पाळायचे असते, ज्याची रीत पूर्ण वेगळी आहे. तिच्याकडे शेवटी वळू. कंपनीने थेट विकत घेतलेले गाळे, जमिनी किंवा इमारती हा या लेखाचा विषय नाही, कारण त्या रोखे नसून मालमत्ता आहेत आणि त्यांना इंड एएस ४० लागू होते.

खरेदीच्या दिवशीची टिपणी

‘रिअल इस्टेटमधील गुंतवणूक’ या एकाच खात्यात अनेकदा चार-पाच वेगळ्या जातींचे रोखे एकत्र पडलेले असतात: रीटची (गुंतवणूकदारांचा पैसा भाडे देणाऱ्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या ट्रस्टची) युनिट्स, नोंदणीकृत म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या बांधकाम कंपन्यांचे शेअर, केवळ एखाद्या प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीचे, म्हणजे एसपीव्हीचे, बाजारात न नोंदलेले (अनोंदणीकृत) शेअर, विकासकाचे अपरिवर्तनीय कर्जरोखे म्हणजे एनसीडी, आणि रिअल इस्टेट क्षेत्रात पैसे गुंतवणाऱ्या पर्यायी गुंतवणूक निधीची युनिट्स. पैसा अंतिमतः सिमेंट-विटांतच जात असला, तरी हिशेबाच्या दृष्टीने यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक रोख्यासाठी स्वतंत्र उपखाते उघडणे, आणि दुसरे म्हणजे खरेदीच्या वेळीच एक पानाची टिपणी फाइलला लावणे. रोखा कोणी व कोणत्या अटींवर काढला, त्यातून येणारी रक्कम केवळ मुद्दल व व्याज आहे की प्रकल्पाच्या नफ्याशी बांधलेली आहे, कंपनी तो मुदतीपर्यंत ठेवणार आहे की भाव आल्यावर विकणार आहे, आणि त्यावरून तो कोणत्या वर्गात बसवला, एवढे तिच्यात असावे. खरेदीला मंजुरी देणाऱ्याचीच या टिपणीवर सही असावी, कारण हेतू काय होता हे दोन वर्षांनी लेखा विभागाने आठवून लिहिलेले लेखापरीक्षकाला मान्य होणार नाही, आणि ते न होणेच योग्य आहे.

वर्ग मागाहून बदलता येईल, या समजुतीत राहू नये. वित्तीय मालमत्तेचे पुनर्वर्गीकरण फक्त कंपनीचे व्यवसाय प्रारूपच, म्हणजे असे रोखे वसुलीसाठी ठेवायचे की विकायचे ही रीतच, बदलले तर करता येते, असा बदल क्वचित घडतो, आणि घडला तरी त्याचा परिणाम पुढच्या अहवाल कालावधीच्या पहिल्या दिवसापासून धरला जातो. भाव कोसळल्यावर कर्जरोखे वाजवी मूल्याच्या वर्गातून उचलून अमॉर्टाइज्ड कॉस्टमध्ये ठेवण्याला मानकात मुभा नाही.

रीटची युनिट्स

सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम आणले आणि १ एप्रिल २०१९ रोजी एम्बसी ऑफिस पार्क्स हे देशातील पहिले रीट बाजारात नोंदले गेले; त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफील्ड इंडिया आणि २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट आले. रीटच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी लागते आणि वाटपयोग्य निव्वळ रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटावी लागते. वर्गवारीचा सगळा पेच या दुसऱ्या अटीतून निर्माण होतो.

युनिट हे कर्ज नाही, कारण त्यावरील प्राप्ती मुद्दल व व्याज एवढ्यापुरती मर्यादित नसते. त्यामुळे अमॉर्टाइज्ड कॉस्टचा मार्ग बंद होतो. मग ते समभागासारखे धरून भावातील बदल इतर सर्वसमावेशक उत्पन्नात (वर्षाच्या नफ्यात न धरता थेट राखीव निधीत जाणाऱ्या शीर्षात) नेण्याचा पर्याय घेता येईल का, असा प्रश्न उरतो. तो पर्याय इंड एएस ३२ च्या व्याख्येत समभाग ठरणाऱ्या साधनांपुरताच आहे, आणि वाटप करणे बंधनकारक असल्यामुळे युनिटमध्ये देयतेचा अंश असतो. रीट स्वतःच्या ताळेबंदात युनिट भांडवल पूर्णपणे समभाग म्हणून दाखवते ते सेबीच्या २०१६ च्या परिपत्रकांमुळे. आपल्या वार्षिक अहवालांच्या टिपांत रीट्सनी हे स्वतःच नमूद केलेले असते. सेबीचा हा आदेश रीटच्या सादरीकरणापुरता आहे, धारकाच्या वर्गवारीपुरता नाही. त्यामुळे माझ्या मते धारक कंपनीने युनिट्स नफा-तोटा पत्रकातून वाजवी मूल्यानेच मोजावीत. दुसरा पर्याय घ्यायचाच असेल तर त्यामागचा युक्तिवाद लिहून काढून खरेदीच्या वर्षातच लेखापरीक्षकाशी चर्चा करावी. म्युच्युअल फंडांच्या गुंतवणूक मर्यादेसाठी रीटला ‘इक्विटी’ मानण्याचा सेबीचा निर्णयही येथे आधाराला घेता येत नाही, कारण त्याचा हेतूच वेगळा आहे.

आता आकडे पाहू. समजा, कंपनीने एका रीटची २०,००० युनिट्स ३५० रुपये भावाने घेतली आणि १०,००० रुपये दलाली व इतर खर्च दिला. वाजवी मूल्याच्या या वर्गात व्यवहार खर्च गुंतवणुकीच्या किमतीत मिळवायचा नसतो, तो थेट नफा-तोटा पत्रकात खर्ची पडतो. म्हणून गुंतवणूक ७०,००,००० रुपयांना नोंदली जाईल. वर्षात प्रति युनिट ६ रुपये वितरण आले. त्याची फोड रीटने दिलेल्या पत्रकानुसार २.५० रुपये व्याज, १.५० रुपये लाभांश आणि २ रुपये रीटने आपल्या एसपीव्हीला दिलेल्या कर्जाची परतफेड अशी होती, आणि व्याजाच्या भागावर १० टक्के दराने ५,००० रुपये टीडीएस कापला गेला. नोंद अशी होईल:

बँक खाते, नावे १,१५,०००
टीडीएस येणे खाते, नावे ५,०००
व्याज उत्पन्न खाते, जमा ५०,०००
लाभांश उत्पन्न खाते, जमा ३०,०००
रीट गुंतवणूक खाते, जमा ४०,०००

गुंतवणुकीचे पुस्तकी मूल्य आता ६९,६०,००० झाले. वर्षअखेरीचा बंद भाव ३३५ रुपये असेल तर युनिट्सचे मूल्य ६७,००,००० होते आणि फरक पुढीलप्रमाणे नोंदला जातो:

वाजवी मूल्यातील बदल (नफा-तोटा पत्रक), नावे २,६०,०००
रीट गुंतवणूक खाते, जमा २,६०,०००

काही कंपन्या वितरणाचे सगळे १,२०,००० उत्पन्नात घेतात आणि वाजवी मूल्याचा तोटा ३,००,००० दाखवतात. दलाली बाजूला ठेवली तर दोन्ही रीतींत नफ्यावरील निव्वळ परिणाम १,८०,००० रुपयांच्या तोट्याचाच राहतो, तरी मी पहिल्या रीतीचा आग्रह धरेन, कारण आपल्याच भांडवलाची परतफेड उत्पन्नाच्या ओळीत दाखवली की गुंतवणुकीचा परतावा फुगलेला दिसतो आणि संचालक मंडळ त्यावर पुढच्या खरेदीचा निर्णय घेते. शिवाय आयकराच्या हिशेबात हा भाग सर्वसाधारणपणे खरेदी किंमत कमी करतो, त्यामुळे विक्रीच्या वर्षी लागणारी माहिती खात्यातच तयार राहते. लाभांशाच्या भागावर कर लागतो की नाही हे त्या एसपीव्हीने कोणती करव्यवस्था स्वीकारली आहे यावर अवलंबून असते. ती माहितीही वितरणाच्या पत्रकात मिळते, म्हणून ही पत्रके तिमाहीवार फाइल करावीत.

भाव कोणता घ्यायचा, याबाबत दोन गैरसमज वारंवार दिसतात. एक म्हणजे रीटने जाहीर केलेले प्रति युनिट निव्वळ मालमत्ता मूल्य बाजारभावापेक्षा जास्त असेल तर ते घेण्याचा मोह. ते मूल्य स्वतंत्र मूल्यांककाने इमारतींच्या केलेल्या मूल्यांकनावर आधारलेले असते आणि माहिती म्हणून मोलाचे असते. पण सक्रिय बाजारात युनिटचा भाव उपलब्ध असताना इंड एएस ११३ नुसार तोच भाव, कोणताही फेरफार न करता, पहिल्या स्तराचे मूल्य म्हणून घ्यावा लागतो. दुसरा गैरसमज म्हणजे आपल्याकडे युनिट्स फार आहेत, एकदम विकायला काढली तर भाव पडेल, म्हणून मूल्यात सूट धरणे. पहिल्या स्तरावर अशी सूट चालत नाही. भाव गुणिले संख्या एवढाच हिशेब करायचा. ३१ मार्चला बाजार बंद असेल तर शेवटच्या व्यवहार दिवसाचा भाव घ्यावा. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो दिवस २८ मार्च होता. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे वितरण वर्ष संपल्यानंतर जाहीर झाले असेल तर ते ३१ मार्चला येणे म्हणून दाखवू नये, कारण त्या दिवशी ते मिळण्याचा हक्कच निर्माण झालेला नसतो.

२०२४ पासून नियमांत आलेल्या लघु व मध्यम रीटच्या योजनांत किमान गुंतवणूक १० लाख रुपयांची असते आणि व्यवहार विरळ असू शकतात. अशा वेळी शेवटचा नोंदलेला भाव किती जुना आहे, किती युनिट्सच्या व्यवहारात तो निघाला आणि त्याला सक्रिय बाजाराचा भाव म्हणता येईल का, हे तपासावे. नाहीतर मूल्य दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्तरावर, म्हणजे थेट बाजारभावाऐवजी इतर माहिती किंवा अंदाज यांच्या आधारावर, जाते आणि तेथे निव्वळ मालमत्ता मूल्याचा आधार घेणे रास्त ठरते.

शेअर आणि निधीची युनिट्स

नोंदणीकृत बांधकाम कंपन्यांच्या शेअरबाबत, ते व्यापारासाठी घेतलेले नसतील तर, प्रथम नोंदीच्या वेळी प्रत्येक गुंतवणुकीपुरती अपरिवर्तनीय निवड करून भावातील चढ-उतार इतर सर्वसमावेशक उत्पन्नात नेता येतात. त्याची किंमत मोजावी लागते ती अशी की शेअर नफ्यात विकले तरी तो नफा कधीच नफा-तोटा पत्रकात येत नाही; फक्त राखीव निधीच्या एका शीर्षातून दुसऱ्यात वर्ग करता येतो. लाभांश मात्र नफा-तोटा पत्रकातच येतो. चढ-उतार नफा-तोटा पत्रकात न्या किंवा इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, दोन्हींपैकी कोणत्याही मार्गात शेअरवर वेगळी मूल्यघट नसते. प्रकल्पाच्या एसपीव्हीचे अनोंदणीकृत शेअर ‘भाव उपलब्ध नाही’ या सबबीवर खरेदी किमतीला ठेवून देण्याची सवय सोडायला हवी, कारण खरेदी किंमत हा वाजवी मूल्याचा अंदाज म्हणून मर्यादित परिस्थितीतच चालतो, आणि प्रकल्पाची विक्री, खर्च किंवा परवानग्या मूळ आराखड्यापासून दूर गेल्या असतील तर तो चालत नाहीच. पर्यायी गुंतवणूक निधीची युनिट्स नफा-तोटा पत्रकातून वाजवी मूल्याने मोजावीत.

विकासकाचे कर्जरोखे: वर्गवारी आणि व्याज

कर्जरोखे मुदतीपर्यंत ठेवून व्याज व मुद्दल वसूल करण्याचा हेतू असेल आणि अटींनुसार येणारी रक्कम केवळ मुद्दल व त्यावरील व्याज असेल, तर अमॉर्टाइज्ड कॉस्टचा वर्ग मिळतो. वसुली आणि विक्री दोन्ही हेतू असतील तर कर्जरोखे इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून वाजवी मूल्याने मोजले जातात, पण तेथेही अपेक्षित पतहानी, म्हणजे कर्ज न फेडले जाण्याच्या शक्यतेपोटी धरलेला तोटा, नफा-तोटा पत्रकात नोंदवावीच लागते. येणारी रक्कम केवळ मुद्दल व व्याज आहे ही दुसरी अट तपासायला डिबेंचर ट्रस्ट डीड, म्हणजे कर्जरोख्यांच्या सर्व अटींचा करार, शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचावी लागते. अटींचा सारांश देणाऱ्या टर्मशीटवर विसंबू नये. ‘विक्री दर प्रति चौरस फूट अमुक रकमेच्या वर गेल्यास जादा परतावा’ किंवा ‘प्रकल्पाच्या अतिरिक्त रोकडीत वाटा’ अशा कलमांनी रोखा नफा-तोटा पत्रकातून वाजवी मूल्याच्या वर्गात जातो. समभागात रूपांतर होण्याची सोय असलेले रोखेही तेथेच जातात. पतमानांकन घसरल्यास व्याजदर वाढण्याचे कलम मात्र सहसा बाधक ठरत नाही, कारण ते वाढलेल्या जोखमीचाच मोबदला असते. विकासक ही केवळ एक प्रकल्प असलेली एसपीव्ही असेल आणि परतफेड फक्त त्या प्रकल्पातूनच होणार असेल, तर धारकाने खरोखर कर्ज दिले आहे की प्रकल्पाची जोखीम घेतली आहे हे आत डोकावून पाहावे लागते.

या क्षेत्रातील कर्जरोख्यांत पहिली काही वर्षे व्याज नाही आणि शेवटी ठरलेल्या अधिमूल्याने परतफेड, अशी रचना सर्रास असते. उत्पन्न प्रभावी व्याजदराने दरवर्षी नोंदवावे. १ कोटी रुपयांच्या अशा रोख्यावर तीन वर्षांनी १,५२,०८,७५० रुपये मिळणार असतील तर प्रभावी दर १५ टक्के येतो. पहिल्या वर्षी १५,००,००० रुपये उत्पन्न धरून पुस्तकी मूल्य १,१५,००,००० करावे, दुसऱ्या वर्षी त्यावर १५ टक्के, आणि असेच पुढे. या वाढीव मूल्यावरच अपेक्षित पतहानी मोजायची असते.

अपेक्षित पतहानी मोजताना

नियमाचा सांगाडा थोडक्यात असा: पहिल्या टप्प्यात पुढील १२ महिन्यांत थकबाकीची शक्यता लक्षात घेऊन तरतूद, पतजोखीम लक्षणीय वाढली की दुसऱ्या टप्प्यात संपूर्ण मुदतीची तरतूद, आणि रोखा प्रत्यक्ष बाधित झाला की तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण मुदतीची तरतूद अधिक व्याजाची आकारणी निव्वळ मूल्यावर. ३० दिवस थकले की जोखीम वाढली आणि ९० दिवस थकले की थकबाकीदार झाला, अशी खंडनीय गृहीतके मानकात आहेत.

रिअल इस्टेटच्या कर्जरोख्यांत या दिवसांच्या मोजणीवर विसंबणे धोक्याचे आहे, आणि हा मुद्दा मला या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षे कोणताही हप्ताच देय नसेल तर ३० दिवस थकण्याचा प्रसंगच येत नाही. प्रकल्प बंद पडलेला असतो आणि कागदावर खाते नियमित दिसत राहते. म्हणून जोखीम वाढल्याची खूण प्रकल्पात शोधावी लागते. महाराष्ट्रातील प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची नोंदणीकृत तारीख, मिळालेली मुदतवाढ, विकल्या गेलेल्या सदनिकांची संख्या आणि तिमाही प्रगती कोणालाही पाहता येते. विकासक प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यातून पैसे काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे देतो. त्यांपैकी लेखापालाच्या नमुना ३ मधील प्रमाणपत्रात प्रकल्प पूर्ण करायला उरलेला खर्च एका बाजूला, आणि विकलेल्या सदनिकांची उरलेली येणी व न विकलेल्या सदनिकांचे मूल्य दुसऱ्या बाजूला असते. दुसरी बाजू पहिलीपेक्षा कमी झाली, तर हप्ता चुकला नसला तरी माझ्या मते रोखा दुसऱ्या टप्प्यात नेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. त्याशिवाय पतमानांकनातील घसरण, तारणाचे प्रमाण करारातील पातळीखाली जाणे, डिबेंचर विश्वस्ताची नोटीस, एस्क्रो खात्यातील (त्रयस्थाच्या देखरेखीखालील खात्यातील) आवक मंदावणे आणि त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीने केलेली थकबाकी, या गोष्टी दर तिमाहीला एका तक्त्यात नोंदवाव्यात. कंपनीकडे एकाच विकासक समूहाचे शेअर, कर्जरोखे आणि आंतरकंपनी ठेव असे तिन्ही असेल, तर तिन्हींची पाहणी एकत्रच करावी.

वसुली किती होईल याचा अंदाज करताना तारणाचे मूल्य जसेच्या तसे धरू नये. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरायची असते. म्हणजे विक्री जोरात असली तरी ती सगळी रोकड कर्जरोखेधारकाकडे वळत नाही. प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहितेखाली गेले तर २०१८ च्या दुरुस्तीपासून घर खरेदीदारही वित्तीय धनको मानले जातात आणि धनकोंच्या समितीत त्यांचे मत मोजले जाते. कायद्यात ३३० दिवसांची मुदत असली तरी प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ जातो. वेळेचा परिणाम किती मोठा असतो हे पाहा: तीन वर्षांनी मिळणाऱ्या ४ कोटी रुपयांचे आजचे मूल्य १४ टक्के दराने सुमारे २ कोटी ७० लाखच होते.

एक उदाहरण पूर्ण करू. यातील शक्यतांचे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. दर्शनी किमतीला घेतलेले ५ कोटी रुपयांचे कर्जरोखे, १४ टक्के व्याज, दरवर्षी देय. खरेदीच्या वेळी १२ महिन्यांत थकण्याची शक्यता ४ टक्के आणि थकल्यास तोटा ४५ टक्के धरला तर तरतूद ९,००,००० रुपये येते. पुढच्या वर्षी प्रकल्पाला मुदतवाढ घ्यावी लागली, नमुना ३ चे आकडे बिघडले आणि संपूर्ण मुदतीत थकण्याची शक्यता १८ टक्क्यांवर गेली. तरतूद ४०,५०,००० झाली, म्हणून वर्षाचा भार ३१,५०,००० रुपये. तिसऱ्या वर्षी आतापर्यंतचे व्याज मिळाल्यानंतर विकासकाने हात वर केले. आता शक्यतेच्या टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष वसुलीचे प्रसंग मांडावे लागतात: विश्वासार्ह नवा विकासक येऊन काम पूर्ण झाल्यास आजच्या मूल्याने ४ कोटी २० लाख, तारण विकावे लागल्यास ३ कोटी, आणि प्रकरण लांबल्यास दीड कोटी. त्यांना अनुक्रमे ६०, ३० आणि १० टक्के भार दिला तर भारित रक्कम ३ कोटी ५७ लाख येते. एकूण तरतूद १ कोटी ४३ लाख हवी. आधीची ४०,५०,००० वजा जाता नोंद होईल:

मूल्यघट तोटा खाते, नावे १,०२,५०,०००
अपेक्षित पतहानी तरतूद खाते, जमा १,०२,५०,०००

यानंतर व्याज उत्पन्न ५ कोटींवर ७०,००,००० धरायचे नाही. ३ कोटी ५७ लाखांवर १४ टक्के म्हणजे ४९,९८,००० एवढेच धरायचे. सर्वांत वाईट प्रसंगाला शून्य भार देऊन तक्ता सुंदर करण्याचा दबाव येतो, तेव्हा २०१८ च्या सप्टेंबरमधील आयएल अँड एफएस या वित्तसमूहाची थकबाकी आणि २०१९ मध्ये डीएचएफएल या गृहवित्त कंपनीची झालेली अवस्था आठवावी. त्या काळात गृहवित्त व बिगर बँक कंपन्यांकडून विकासकांना मिळणारा पैसा एकदम आटला आणि एकमेकांशी संबंध नसलेले प्रकल्पही सोबतच अडकले. या क्षेत्रातील तोटे एकेकटे येत नाहीत, आणि प्रसंगांना भार देताना ही गोष्ट आकड्यांत उतरली पाहिजे.

सहयोगी कंपनी किंवा उपकंपनी असेल तर

एसपीव्हीत कंपनीचे नियंत्रण किंवा लक्षणीय प्रभाव असेल आणि स्वतंत्र वित्तपत्रकांत ती गुंतवणूक खरेदी किमतीला ठेवली असेल, तर मूल्यघट इंड एएस ३६ नुसार तपासावी: विक्रीखर्च वजा जाता वाजवी मूल्य आणि वापरमूल्य (गुंतवणुकीतून पुढे येणाऱ्या रोकडीचे आजचे मूल्य) यांतील जी रक्कम जास्त ती वसुलीयोग्य रक्कम, आणि पुस्तकी मूल्य तिच्यापेक्षा जास्त असेल तेवढा तोटा. वापरमूल्याच्या रोकड अंदाजात विक्रीचा वेग गेल्या काही तिमाहींच्या प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहावा. परिस्थिती सुधारल्यास हा तोटा उलटवता येतो, पण मूळ पुस्तकी मूल्याच्या वर जाता येत नाही. एकत्रित वित्तपत्रकांत सहयोगी कंपनी इक्विटी पद्धतीने (तिच्या नफा-तोट्यातील आपला वाटा गुंतवणुकीच्या किमतीत मिळवत) येते, आणि तिच्या शेअरच्या वाजवी मूल्यातील लक्षणीय किंवा प्रदीर्घ घसरण हा तेथे मूल्यघटीचा वस्तुनिष्ठ पुरावा मानला जातो.

एएस १३ लागू असलेल्या कंपन्या

येथे गुंतवणूक चालू की दीर्घकालीन एवढाच भेद असतो. चालू गुंतवणूक खरेदी किंमत आणि वाजवी मूल्य यांतील जी कमी त्या रकमेला ठेवायची. दीर्घकालीन गुंतवणूक खरेदी किमतीला ठेवून फक्त तात्पुरती नसलेली घट प्रत्येक गुंतवणुकीपुरती स्वतंत्रपणे वजा करायची. दलाली येथे किमतीत मिळते. म्हणून वरील रीट युनिट्सची किंमत ७०,१०,००० होईल आणि कर्जपरतफेडीचे ४०,००० वजा जाता ६९,७०,००० राहील. चालू गुंतवणूक असेल तर ती ६७,००,००० ला आणून २,७०,००० तोटा दाखवावा लागेल. दीर्घकालीन असेल तर घट तात्पुरती आहे का, हे ठरवावे लागेल.

ते ठरवताना भावाच्या आलेखापेक्षा कारण पाहावे. व्याजदर चढल्यामुळे सगळ्याच रीट्सचे भाव उतरले असतील आणि भाडेवसुली व वितरण टिकून असेल, तर घट तात्पुरती म्हणता येते. उलट, मोठा भाडेकरू करार संपवून गेला, विशेष आर्थिक क्षेत्रातील मजले रिकामे पडले, वितरण सलग घटले किंवा कर्जाचा बोजा वाढला, तर भाव थोडाच उतरला असला तरी तरतूद करावी. ‘आम्हाला विकायचे नाही’ हे कारण पुरेसे नसते. पुढे कारण नाहीसे झाल्यास तरतूद परत घेता येते. तेव्हाही कारण लिहून ठेवावे.

वर्षअखेर

ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना दोन प्रकारांत विभागाव्यात. एप्रिलमध्ये रीटचा किंवा शेअरचा भाव कोसळला तर ३१ मार्चचे आकडे बदलत नाहीत. रक्कम मोठी असल्यास टीप द्यावी. विकासकाने एप्रिलमध्ये हप्ता चुकवला तर मात्र त्याची परिस्थिती मार्चमध्येच बिघडलेली होती याचा तो बहुधा पुरावा असतो आणि पतहानीच्या हिशेबात तो घ्यावा लागतो. वाजवी मूल्यातील तोट्यावर स्थगित कर मालमत्ता, म्हणजे त्या तोट्यामुळे पुढे होऊ शकणारी करबचत, आपोआप उभी करू नये. दीर्घकालीन भांडवली तोटा दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होत असल्याने, असा नफा होण्याची शक्यता दाखवता आली तरच ती नोंदवावी.

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार भाव उपलब्ध असलेल्या गुंतवणुकीची एकूण रक्कम व तिचे बाजारमूल्य, भाव उपलब्ध नसलेल्या गुंतवणुकीची एकूण रक्कम आणि मूल्यघटीची एकूण रक्कम स्वतंत्रपणे द्यावी लागते. इंड एएसच्या कंपन्यांनी यासोबत वाजवी मूल्याचे स्तर, तिसऱ्या स्तरातील गृहीतके बदलल्यास मूल्यावर होणारा परिणाम, पतहानी तरतुदीचा आरंभीच्या शिलकेपासून अखेरीपर्यंतचा टप्पानिहाय ताळमेळ आणि एकाच विकासकावर वा एकाच शहरावर गुंतवणूक केंद्रित झाली असल्यास ती जोखीम उघड करावी. हा ताळमेळ वर्षअखेरीस बसून जुळवण्याऐवजी दर तिमाहीला त्याच तक्त्यात भरत जावा, आणि रोखा एका टप्प्यातून दुसऱ्यात गेला असेल तर त्या ओळीपुढे तारीख, कारण आणि आधार घेतलेल्या कागदाचा क्रमांक लिहावा.